मंतरलेले डॉलर

आमच्या देशात दोन तऱ्हेचे पैसे चालतात आणि त्यांना दोन तऱ्हेची वागणूक मिळते. रिएलची नोट म्हणजे घरचं माणूस. मळलेली असो, चिकटपट्टी लावलेली असो, सुक्या माशाचा वास मारत असो, तिला कुणी नाही म्हणत नाही. डॉलर म्हणजे बघायला आणलेली मुलगी. उजेडात धरणार, उलटीपालटी करणार, कडेला नखाएवढी चीर दिसली की नाक मुरडून परत करणार. परत आलेली ती नोट मग देणारा दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, दुसरा तिसऱ्याच्या, आणि शेवटी ती माझ्यासारख्या गाडीवाल्याकडे अंधारात भाडं म्हणून येते.

मी स्ताउंग ते नोम पेन्ह प्रवासी गाडी चालवतो. भाडं डॉलरात सांगतो, रिएलमध्ये घेतो, आणि या सांगण्या-घेण्याच्या फटीत रोज थोडं काही माझ्याकडे राहतं. राहू दे. भाडं देण्याच्या तऱ्हेवरून मी माणूस ओळखतो. मुठीतून घामेजलेल्या रिएलचा बोळा काढतो तो बाजाराला निघालेला. पाकिटातून एक घडी घातलेला डॉलर काढतो तो सरकारी, आणि तो मोड मिळेपर्यंत उतरत नाही. 'पोचल्यावर देते' म्हणते ती अडचणीतली.

सारुनताई म्हणाली, पोचल्यावर देते.

नव्या वर्षाच्या सुट्ट्या लागण्याआधीचा तो शेवटचा कामाचा दिवस. सारुनताई आमच्याच बाजूची, स्ताउंगच्या पलीकडे तिचं काजूचं रान आहे. नवरा झाडावरून पडल्यापासून खाटेवर. सोबत मुलगी कुंथिया, बावीस-तेविसाची, केस घट्ट बांधलेले आणि तोंड त्याहून घट्ट मिटलेलं. कुंथियाने कोरियात कामाला जायची परीक्षा दिली होती, ती पास झाली होती, तिकडच्या कारखान्यात जागा निघाली होती, आणि विमानाचे, विम्याचे, अनामतीचे मिळून नऊशे डॉलर त्या दिवशी चार वाजायच्या आत कार्यालयात भरायचे होते. नाही भरले तर यादीतलं पुढचं नाव. पैसे इतके उशिरा का, तर काजूच्या व्यापाऱ्याने आदल्या संध्याकाळी हिशेब केला. व्यापारी तसेच असतात. मीही असतो तर तसाच असतो.

"सगळ्या बंद्या नोटा आहेत रे," ती म्हणाली. "शंभराच्या. दहावी नोट मोडली की तुझं भाडं, पोरीला जाड कोट, बूट. बाकीच्या नऊ खिडकीत."

मी बरं म्हटलं. शंभराच्या दहा नोटा असलेल्या बाईचं भाडं कुठे पळतंय?

वाटभर तिचा हात पोटावर होता, लुंगीच्या घडीत पैसे खोचले होते तिथे. वाटेत स्कुनला सगळे तिथले तळलेले आठ पायांचे कोळी खायला घ्यायला उतरले, ती उतरली नाही. मागच्या बाकावरचा एक बदकवाला म्हणाला, मावशी, पोटात दुखतंय की पोटाशी काही आहे? गाडी हसली. ती हसली नाही. कुंथिया खिडकीबाहेर बघत कोरियन आकडे पुटपुटत होती.

ओरुसे बाजारापाशी बाकीचे उतरले आणि मी या दोघींबरोबर नोट मोडायला सराफाकडे निघालो. कुणी याला माणुसकी म्हणेल. मी भाड्यासाठी निघालो होतो. परतीच्या फेरीला अजून अवकाश होता, आणि सणाच्या तोंडावर परतीचं भाडं दुप्पट, त्यामुळे माझं मनही मोठं होतं.

माझी सराफीण ठरलेली आहे. मुय शेठाणी. काचेच्या पेटीत रबर लावलेल्या रिएलच्या थप्प्या, मागे सोन्याच्या साखळ्या, पायाशी जमिनीवर भूमिदेवाचं छोटं लाल देवघर, त्यात संत्री. मला तिचा व्यवहार आवडतो, कारण ती कुणालाच सूट देत नाही आणि त्यामुळे कुणाचा हेवा करावा लागत नाही. त्या दिवशी तिच्यासमोर रांग होती. नव्या वर्षाला देवळात आणि लहानांच्या हातात द्यायला लोकांना कोऱ्या करकरीत रिएलच्या नोटा लागतात, आणि त्या ती थोडा बट्टा कापून देते. म्हणजे डॉलर कोरा नसला तरी बट्टा, आणि रिएल कोरा हवा असला तरी बट्टा. शेठाणीला दोन्ही हातांनी सण.

सारुनताईने लुंगीच्या घडीतून पुडकं काढलं, वरची एक नोट सरकवली. शेठाणीने ती दिव्यासमोर धरली, आणि तशीच धरून राहिली.

"हे काय? कुणाला पत्र लिहिलंय?"

मीही तेव्हाच पाहिलं. नोटेवर छापलेल्या गोऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यावरून, कडेकडेने, लाल शाईत बारीक गोल अक्षरांची ओळ गेली होती. दुसऱ्या नोटेवर तशीच. दहाच्या दहांवर.

ते कुणाचं काम हे मला विचारावं लागलं नाही. आमच्या बाजूला प्रत्येक घरात एक नोट अशी असते. केव आजोबा म्हणून मंत्र जाणणारा म्हातारा आहे. त्याच्याकडून एक डॉलर मंतरून आणायचा, तांदळाच्या रांजणात खाली ठेवायचा, आणि तो कधी मोडायचा नाही. अशा नोटेला आम्ही आईनोट म्हणतो. रिएलवर आजोबा लिहीत नाही, कारण तिथे राजाचा चेहरा, त्यावर शाई चालवणं पाप. गोऱ्या म्हाताऱ्यावर लिहिलं तर कुणाचं काही जात नाही, असा त्याचा हिशेब. आणि रांजणातल्या नोटेपुरता तो बरोबरच होता. आजवर गावातली एकही आईनोट सराफाच्या दिव्यासमोर आली नव्हती. सारुनताई आदल्या संध्याकाळी व्यापाऱ्याकडून निघाली ती सरळ आजोबाकडे, आणि एवढं मोठं काम आहे तर एकच कशाला, सगळ्याच मंतरून घेतल्या. वर त्याला कोंबडा दिला.

शेठाणीने पंच्याऐंशी सांगितले. शंभराला पंच्याऐंशी. साधी पेनाची रेघ असती तर पाच कापले असते, पण हे तर आख्खं पुराण आहे, आणि पुढे खपवताना तिला शिव्या खाव्या लागणार. मी तिच्याशी घासाघीस केली. ती माझ्याकडे न बघता दुसऱ्याच्या नोटा मोजत राहिली. शेजारच्या दोन सराफांनी तर नोटा हातातही घेतल्या नाहीत.

सारुनताईला अजून काही वाटलं नव्हतं. ती मलाच समजावत होती की हे लोक बाजारातले, ते नडतातच. जिथे भरायचे तिथली माणसं शिकलेली आहेत. पैसे खरे आहेत, चोरीचे नाहीत, ती घेतील. कुंथिया मात्र नोटांकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला होता. तिला दोन वर्षांच्या शिकवणीची फी भरताना डॉलरचा अनुभव आलेला होता.

कार्यालयातल्या खिडकीमागचा मुलगा सभ्य होता. सभ्य माणसाशी भांडता येत नाही, हा त्याचा मोठा दोष. त्याने दोन्ही हात जोडून नमस्कार केला, नोटा पाहिल्या, आणि त्या सुरेख एकसारख्या करून परत ठेवल्या. म्हणाला, मावशी, बँक माझ्याकडून असल्या घेत नाही, मग मी तुमच्याकडून कशा घेऊ? सारुनताईने विचारलं, रिएल चालतील का. नाही, ठराव डॉलरचा आहे. सुट्ट्यांनंतर चालेल का. तर यादी आजच संध्याकाळी जाणार. मागे रांगेत एक मुलगा आणि त्याचा बाप उभे होते. बापाच्या हातातल्या पाकिटात नोटा इतक्या कोऱ्या होत्या की त्या पाकीट उघडताना करकरल्या. सारुनताईने तो आवाज ऐकला. मी तिला तो ऐकताना पाहिलं.

बाहेर रस्त्याच्या कडेला एक खाण्याची गाडी होती. आम्ही तिथल्या लाल खुर्च्यांवर बसलो. मी बर्फाचा चहा मागवला आणि मनात तोही त्यांच्या खात्यावर मांडला. माझ्या परतीच्या फेरीची माणसं एव्हाना जमायला लागली असणार, मी नसलो तर ते भाडं दुसरा नेणार, हेही मांडत होतो. आकडेमोड केली की मला भीती कमी वाटते. त्या दिवशी वाटली नाही कमी.

मी कुंथियाला सांगत होतो की दहा नोटांचे पंच्याऐंशीने साडेआठशे होतात, पन्नासच कमी पडतात, पन्नास म्हणजे काही डोंगर नाही. ती तोंड फिरवून ऐकत होती. म्हणून आमच्या दोघांचंही लक्ष नव्हतं.

खाण्याच्या गाडीवर लिंबू, मीठ आणि मिरपुडीची वाटी असतेच. सारुनताईने एक नोट मांडीवर पसरली होती आणि लिंबाच्या फोडीने ती अक्षरं घासत होती. घरी कपड्यावरचा डाग काढतात तशी, मीठ घालून, अंगठ्याने. शाई आधी गुलाबी झाली, मग पसरली. गोऱ्या म्हाताऱ्याच्या कपाळावर तांबडा ओघळ आला. तिने अजून जोर लावला आणि कागदाची लव निघाली, एका जागी तर पलीकडचं तिच्या लुंगीचं फूल दिसायला लागलं.

कुंथियाने तिचा हात धरला तेव्हा ती दुसरी नोट काढत होती.

"सोड आई."

"निघतंय गं. बघ, जवळजवळ निघालं."

"सोड म्हणते ना."

मग ती पोरगी बोलायला लागली. आवाज न चढवता, रस्त्याकडे बघत, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. म्हणाली, दोन वर्षं पहाटे उठून ती भाषा पाठ केली. काजू सोलून बोटं काळी झाली, त्या बोटांनी पेपर लिहिले. आणि तू एका म्हाताऱ्याकडे जाऊन सगळ्यावर शाई ओतून आलीस. तुला मी जायलाच नको होतं. सांगायचं ना तसं, मी गेले नसते.

 सारुनताई ओली नोट फुंकर घालून वाळवत होती.

आता हिशेब असा झाला: चांगल्या, म्हणजे वाईटांतल्या चांगल्या, नोटा नऊ. पंच्याऐंशीने सातशे पासष्ट. तूट पन्नासाची ती एकशे पस्तिसांवर गेली. कानातलं आधीच विकलेलं. कुंथियाचा फोन विकून तीस आले असते, पण कोरियाहून बोलावणं त्याच फोनवर यायचं. खिडकी बंद व्हायला दीड-दोन तास. माझ्या खिशात सकाळच्या फेरीचे आणि आदल्या दिवशीचे रिएल होते, पण त्यातून डिझेल भरायचं होतं. हे मी तेव्हा स्वतःला बजावून सांगितलं.

दुसरं काही सुचेना म्हणून आम्ही परत शेठाणीकडे गेलो. सारुनताई काचेच्या पेटीसमोर जमिनीवर बसली. आमच्याकडे बायका देवळात बसतात तशी, पाय एका बाजूला दुमडून, हात जोडून. भर बाजारात. रांगेतली माणसं बाजूला सरकली. ती म्हणाली, शेठाणी, नव्वद दे. पंच्याण्णव दे. पोरगी पैसे पाठवेल, मी बाकीचे आणून देईन, माझं रान लिहून घे. शेठाणीला हे आवडलं नाही. कुणालाच आवडत नाही. ती मला म्हणाली, सांबाथ, उठव हिला, माझं गिऱ्हाईक जातंय. मग, मला वाटतं केवळ नजर कुठेतरी ठेवायची म्हणून, तिने सारुनताईने पेटीवर ठेवलेली एक नोट उचलली आणि विचारलं, "पण लिहिलंय काय हे?"

सारुनताईला अक्षर ओळखता येत नाही. कुंथियाला आपलं आणि कोरियन येतं, ही जुनी लिपी येत नाही. मी पोरवयात काही पावसाळे विहारात काढलेत. तिथे मी मुख्यतः भूक मारायला शिकलो, पण ही अक्षरंही शिकलो. मी नोट डोळ्यांजवळ धरली. केव आजोबाचं अक्षर थरथरतं, पण शुद्ध.

"जे घरातून जाईल," मी वाचलं, "ते घरी परत येवो."

शेठाणीने नोटा मोजणं थांबवलं. एवढ्या वर्षांत मी तिला मध्येच थांबताना पाहिलं नव्हतं.

"परत वाच."

मी परत वाचलं. आणि तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता मला धंदा दिसला. गेलेला पैसा परत यावा यापेक्षा व्यापाऱ्याला देवाकडे मागायचं काय असतं? आणि दिवस कोणता, तर दुसऱ्या दिवशी नव्या वर्षाची देवकन्या उतरणार, घरोघर तिच्यासाठी फळांची ताटं, दुकानदुकानात गल्ले पुसून ठेवलेले. मी आवाज थोडा खाली आणला, विहारातला आणला. सांगितलं की शेठाणी, केव आजोबा कुणासाठीही लिहीत नाही. आमच्या गावात ही नोट ज्याच्या रांजणात आहे त्याचा रांजण कधी रिकामा झालेला नाही. हे खोटं नव्हतं. आमच्याकडे रांजण पूर्ण रिकामा होण्याआधी लोक उधार आणतात.

"एक ठेवते," ती म्हणाली. "पूर्ण शंभराला."

"सगळ्या ठेव ना मग."

"गल्ल्यात एकच लागते. बाकीच्या मला पुढे खपवायच्या, आणि तिथे मला कुणी मंत्र विचारणार नाही."

पण तिने हाकेच्या अंतरावरची दुकानं बोटाने दाखवली: घाऊक कापडवाला, दोघी सोनारबहिणी, मसाल्याची वखार. म्हणाली, माझं नाव सांग. मी हात पुढे केला. आणि सारुनताईने पुडकं छातीशी धरलं.

"नाही," ती म्हणाली. "हे पोरीसाठी लिहून घेतलंय."

मी तिला समजावलं, की ताई, हीच तर संधी आहे. ती ऐकेना. आता तिचं सगळं बाहेर आलं. आजोबाने विचारलं होतं, पैसा चोरीला जाऊ नये असं लिहू का? ती म्हणाली होती, पैशाचं राहू दे, तो जायचाच आहे. या पैशाने माझी पोरगी जाणार आहे, ती परत येईल असं लिही. म्हणून दहाच्या दहांवर. म्हणजे पोरीच्या नावाने जिथे जिथे पैसा जाईल तिथे तिथे ते शब्द जातील, विमानात, कारखान्यात, समुद्रापलीकडे. आणि ते मी यांच्या गल्ल्यात टाकू? कापडवाल्याचा पैसा परत येईल. माझं काय येईल?

  मला वेळ दिसत होता, भिंतीवरच्या घड्याळात नाही, बाजाराच्या पत्र्यावरून उतरत्या उन्हात.

कुंथिया आईसमोर तशीच बसली, पाय एका बाजूला दुमडून. खाण्याच्या गाडीवरचा तिचा राग कुठे गेला होता कोण जाणे. तिने आईची बोटं एकेक करून पुडक्यावरून उचलली.

"नोटा नाही आल्या परत तरी चालेल, आई. पण मी गेलेच नाही, तर परत येणार कुठून?"

 मग सारुनताईने हात काढला.

पुढचा तासभर मी आयुष्यात कधी विकला नसेल असा माल विकला. मी पुढे, मागे कुंथिया, तिच्यामागे सारुनताई. प्रत्येक दुकानात मी नमस्कार करायचा, शेठाणीचं नाव घ्यायचं, नोट उजेडात धरायची, वाचायची. कापडवाल्याने आधी हसून घेतलं, मग विचारलं, उधारीसुद्धा परत येते का? मी म्हटलं, उधारीसाठीच तर आहे. त्याने घेतली. सोनारबहिणींतल्या धाकटीला हवी होती, थोरलीला नको होती. त्या आपसात भांडल्या आणि शेवटी दोघींनी एकेक वेगळी घेतली, कारण गल्ले वेगळे होते. वखारवाला म्हणाला, मी कुणाच्या बापावर विश्वास ठेवत नाही, पण बायको ठेवते, ठेव एक. तीन ठिकाणी हाकलून दिलं. एकाने विचारलं, मंत्र एवढा चालतो तर ही बाई रडते का? मी पुढच्या दुकानाकडे वळलो.

प्रत्येक विक्रीला सारुनताई नोट स्वतः द्यायची, दोन्ही हातांनी, कपाळाला लावून. लोकांना वाटायचं हा विधीच आहे. त्यामुळे किंमत टिकली, हे मला कळत होतं, आणि मी तिला थांबवलं नाही.

पाच नोटा शंभराने गेल्या. नंतर गिऱ्हाईक आटलं. राहिलेल्या चार शेठाणीने पंच्याऐंशीनेच घेतल्या, एक कवडी वर नाही. पाचशे आणि तीनशे चाळीस. साठ कमी.

सारुनताईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर कदाचित मी डिझेलचं कारण सांगितलं असतं. मी कमरेची पिशवी सोडली आणि रिएलचे बोळे शेठाणीच्या काचेवर ओतले. तिने ते सरळ केले, माशाच्या वासावरून नाक मुरडलं, मोजले, आणि साठ डॉलर देताना आपला नेहमीचा भावातला फरक कापून घेतला.  तिने तो सोडला असता तर मी घाबरलो असतो.

आम्ही कार्यालयात पोचलो तेव्हा शिपाई लोखंडी जाळी अर्धी ओढून उभा होता. कुंथिया खालून वाकून आत गेली. खिडकीतल्या मुलाने प्रत्येक नोट उजेडात धरली. एकीचा कोपरा दुमडलेला होता, तो त्याने नखाने सरळ केला, परत बघितला, परत सरळ केला.  मग शिक्का पडला. बाहेर जाळीपाशी सारुनताईने तो आवाज ऐकला आणि तिथेच पायरीवर बसली. मला वाटलं, आता सुटकेने रडेल. ती म्हणाली, "झालं. आता ती जाणार."

परतीच्या फेरीची माझी पाळी गेली होती, म्हणजे भाडी गेली होती. गाडी घेऊन मी रिकामाच निघालो, पुढच्या बाकावर फक्त या दोघी. खराब झालेली नोट सारुनताईने मांडीवर वाळत टाकली होती. वाटेत तिने विचारलं, यावरचं वाचता येतं का? मी गाडी बाजूला घेतली आणि ती काचेतून येणाऱ्या उन्हात धरली. बहुतेक धुऊन गेलं होतं. कडेला दोन-तीन अक्षरं होती, आणि पेन दाबून लिहिल्याच्या खुणा. मी सांगितलं, थोडं आहे. किती, तिने विचारलं नाही.

कुंथिया सण उलटल्यावर गेली. जाड कोट कुणाचा तरी जुना मिळाला. तिच्या पहिल्याच पगारातून माझे साठ आले, वर चहाचेही आले, कोऱ्या नोटेत. भाडं तेवढं राहिलं. सारुनताई म्हणाली, ते पोरगी आल्यावर स्वतःच्या हाताने देईल, ती त्या दिवशी तुझ्या गाडीत बसली होती ना. मी म्हटलं, व्याज लागेल. ती म्हणाली, तुला तर तिरडीवरही खुर्दा लागेल.

याला आता पाच वर्षं होत आली. दर दोन महिन्यांनी ती माझ्या गाडीने पैसे काढायला जाते. नवऱ्याला चाकाची खुर्ची आली, घराला पत्रे आले. खराब नोट तिच्या तांदळाच्या रांजणात आहे, आणि ती आता खरोखरच आईनोट झाली, कारण तिला कुठेही कुणी मोडून देणार नाही. कुंथियाची मुदत या नव्या वर्षाला संपायची होती. मालकाने ती वाढवून दिली. तिकडे तिला एक मुलगाही आवडला आहे, असं सारुनताई म्हणाली, पुढच्या काचेकडे बघत, मी विचारलं नसताना.

त्याच फेरीला बँकेतून बाहेर आल्यावर तिने गाडीपाशी उभं राहून नोट काढली. दहा डॉलरची, एकही चीर नसलेली, आणि माझ्यापुढे धरली.

"तुझं जुनं भाडं. घेऊन टाक. किती दिवस अडकवून ठेवू?"

मी आजवर कुणाचं भाडं सोडलेलं नाही. सख्ख्या मेव्हण्याचंही नाही. ही नोट मी उजेडात धरायची गरज नव्हती, इतकी ती चांगली होती.

"ठेव," मी म्हटलं. "ज्याचं त्याने द्यायचं ठरलंय."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. तिलाही माणसं त्यांच्या पैशावरून ओळखता येतात.

"तूही पैसे नको म्हणायला लागलास," ती म्हणाली, "म्हणजे फारच कठीण आहे."

मी दार उघडलं. ती पुढच्या बाकावर बसली आणि नोट परत लुंगीच्या घडीत खोचून तिने त्यावर हात ठेवला.